घरी येणारी सिस्टर : तिच्या शिक्षणाचा आणि सुरक्षिततेचा इतिहास



बीड जिल्ह्यातला नारायणगड तुम्हाला ‘धाकटी पंढरी’ म्हणून माहीत असेल. वारकऱ्यांचे जुने ठाणे. पण या भागाला आणखी एक ओळख आहे. दिवाळी उरकली की आसपासच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि चार-पाच महिने परतत नाहीत. मागे घरात राहतात ती म्हातारी माणसे आणि शाळेतली मुले. अशा घरात कुणाला अर्धांगवायू झाला, खुब्याचे हाड मोडले, किंवा जिल्हा रुग्णालयातून नाकात नळी आणि लघवीची पिशवी लावून घरी पाठवले, तर पुढचे कोण करणार?

पूर्वी उत्तर एकच होते : सून करेल. आज सून कारखान्याच्या फडावर असते किंवा पुण्याला नोकरीला. म्हणून घरी येणारी नर्स ही आता फक्त शहरातल्या श्रीमंतांची गोष्ट राहिलेली नाही. कधी ती उपकेंद्राची सिस्टर असते, कधी आशाताई, कधी तालुक्याच्या गावाहून स्कूटीवर येणारी खासगी नर्स.

ती येते तेव्हा आपण तिला दोन प्रश्न विचारतो : ‘किती पैसे?’ आणि ‘किती वाजता?’ आणखी दोन प्रश्न मात्र राहून जातात. ती हे कुठे आणि कशी शिकली? आणि आपल्या घरी ती सुरक्षित आहे का? हे दोन प्रश्न वेगवेगळे वाटतात, पण महाराष्ट्राचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला तर ते एकमेकांत गुंतलेले दिसतात. आज तोच इतिहास थोडक्यात पाहू.

१८९७ : पाठीवर घेतलेला रुग्ण

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या वर्षी पुण्यात पसरला. सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर माळावर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना सुरू केला. सावित्रीबाई तेव्हा पासष्टी ओलांडलेल्या होत्या. त्या वस्त्यांमध्ये जाऊन आजारी माणसांना दवाखान्यात आणत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणले. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

ही गोष्ट आपण त्यागाची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण डॉक्टर म्हणून मला त्यात दुसरेही काही दिसते. रुग्णाच्या घरापर्यंत जाणाऱ्या माणसाला संसर्गाचा धोका असतो, आणि नुसत्या मायेने तो टळत नाही. प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो, हे तेव्हा सर्वमान्य व्हायचे होते. आज संसर्ग कसा पसरतो ते आपल्याला माहीत आहे. त्यामुळे आज घरी येणाऱ्या नर्सला लागण झाली, तर तो त्याग म्हणून गौरवण्याची गोष्ट नाही. तो आपला निष्काळजीपणा ठरतो.

१९०९ : आधी वसतिगृह, मग वॉर्ड

लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाची नर्सिंग शाळा १८६० मध्ये सुरू झाली. त्याच सुमारास लिव्हरपूलचे व्यापारी विल्यम रॅथबोन यांनी, आपल्या पत्नीची शेवटच्या आजारात सेवा केलेल्या नर्सला गरिबांच्या घरी जाऊन शुश्रूषा करण्यासाठी नेमले. घरोघर जाणाऱ्या प्रशिक्षित नर्सची सुरुवात तिथून मानतात.

आपल्याकडे अडचण वेगळी होती. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कोणत्याही जातीच्या रुग्णाचे मलमूत्र काढायचे, रात्रपाळी करायची, हे ‘चांगल्या घरच्या’ बाईचे काम नव्हे, असा समज पक्का होता. नर्स बहुधा युरोपियन, अँग्लो-इंडियन किंवा ख्रिस्ती असत.

पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांनी सेवासदन उभे केले. तिथे शिकणाऱ्या अनेक स्त्रिया विधवा होत्या. त्यांना नर्सिंगच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठवायचे ठरले, तेव्हा टीका झाली. सेवासदनाने वाद घालत बसण्याऐवजी सोय केली. मुलींच्या राहण्या-जेवणाची जबाबदारी संस्थेने घेतली, त्यांच्यावर लक्ष ठेवणारी वडीलधारी माणसे नेमली. मुलगी कुठे राहते, कुणाबरोबर जाते, रात्री परत कशी येते, याचे उत्तर मिळाल्यावर घरच्यांचा विरोध हळूहळू मावळला.

म्हणजे आपल्याकडे नर्सिंगचे शिक्षण रुजले ते पुस्तकांमुळे जेवढे, तेवढेच सुरक्षित निवाऱ्यामुळे.

१९७० : जामखेडचा धडा

आता बीडच्या शेजारी या. जामखेड तालुका नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमध्ये असला, तरी आष्टी आणि पाटोद्याला अगदी लागून आहे. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला.

सुरुवातीला त्यांनी प्रशिक्षित नर्सबाईंना गावात ठेवून पाहिले. ते जमले नाही. बाहेरगावची, एकटी, तरुण बाई गावात राहायला कचरायची. तिची भीती खोटी नव्हती. शिवाय गावातल्या बायकांना तिचे बोलणे लांबचे वाटायचे. मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडावी, असा मार्ग निघाला. निवडलेल्या बायका बहुतेक निरक्षर होत्या आणि त्यांतल्या अनेक दलित होत्या.

त्यांचे शिक्षण कसे झाले, ते बघण्यासारखे आहे. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करत. वेगवेगळ्या जातींच्या बायका एकत्र जेवत, एकत्र झोपत. आठवड्यात गावात काय घडले ते प्रत्येक जण सांगे : कुणाच्या मुलाला हगवण लागली, कुणी सल्ला धुडकावला, कुणी दारातून हाकलले. त्यावर सगळ्या मिळून बोलत. नवीन विषय गाण्यांतून, गोष्टींतून शिकवला जाई. मग परत गावात जायचे, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा यायचे.

१९७१ मध्ये त्या भागात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी सुमारे १७६ एक वर्षाच्या आत दगावत. नव्वदच्या दशकात हा आकडा तिशीच्या आत आला. आरोळे दाम्पत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

तिकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरीच काळजी घ्यायला शिकवले. त्या बाळाचे वजन घेत, श्वास मोजत, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शनही देत. नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा निबंध १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. आज बाळंतीण घरी आल्यावर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई तुमच्या दारात येते, त्याचे मूळ या कामात आहे.

१९७३ ते २०२० : कायदा उशिरा आला

मुंबईच्या केईएम रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अरुणा शानभाग या नर्सवर तिथल्याच एका सफाई कामगाराने अमानुष अत्याचार केला. मेंदूला झालेल्या इजेमुळे त्या पुन्हा कधी उभ्या राहिल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. मधली जवळजवळ ४२ वर्षे केईएमच्या नर्सच्या पिढ्यांनी त्यांना आंघोळ घातली, भरवले, कूस बदलली. इतकी वर्षे अंथरुणात असूनही त्यांना बेडसोअर होऊ दिले नाहीत. नर्सिंगमधली आपुलकी म्हणजे काय, याचे यापेक्षा मोठे उदाहरण माझ्यापुढे नाही. आणि नर्सच्या सुरक्षिततेकडे दुर्लक्ष झाले की काय होते, याचेही नाही.

त्यानंतर १९९२ मध्ये राजस्थानात भंवरीदेवी या ‘साथिन’वर सामूहिक बलात्कार झाला. घरोघर जाऊन बालविवाह रोखणे हे तिचे सरकारी कामच होते. त्यातून विशाखा खटला उभा राहिला, १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिले आणि २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा आला. या कायद्यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. कामानिमित्त कर्मचारी जिथे जाते ती जागा, तिथवरचा मालकाने पुरवलेला प्रवास आणि राहते घरसुद्धा ‘कामाचे ठिकाण’ आहे. म्हणजे सिस्टर तुमच्या आईची जखम धुवायला आली की तुमची माजघराची खोली हे तिचे कामाचे ठिकाण होते. तिची संस्था लहान असेल किंवा ती एकटीच काम करत असेल, तरी तिला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते.

महाराष्ट्रात डॉक्टर-नर्सवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१० मध्ये वेगळा कायदा झाला, पण त्याचा रोख मुख्यतः दवाखान्यांवर आहे. २०२० मध्ये करोनाच्या सर्वेक्षणाला गेलेल्या आशाताईंना देशात ठिकठिकाणी शिवीगाळ आणि मारहाण झाली, तेव्हा १८९७ च्या साथरोग कायद्यात दुरुस्ती झाली. गंमत पाहा, सावित्रीबाई ज्या वर्षी गेल्या त्याच वर्षीचा तो कायदा. आरोग्यसेवकाला संरक्षण देणारी कलमे त्यात यायला १२३ वर्षे लागली.

मोबाइलवर नर्सिंग शिकता येते का?

करोनाच्या काळात नर्सिंग कॉलेजे बंद झाली आणि तास मोबाइलवर सुरू झाले. तेव्हापासून हा प्रश्न अनेक जण विचारतात.

माझे उत्तर असे : ज्ञान शिकता येते, हात शिकवता येत नाही. औषधाची मात्रा, मधुमेहाची लक्षणे, नळीतून अन्न देण्याचे नियम पडद्यावर छान समजतात. पण ८० किलोच्या माणसाची कूस बदलताना स्वतःची कंबर कशी वाचवायची, घाबरलेल्या म्हातारीचा हात कधी धरायचा आणि कधी सोडायचा, हे कुणाच्या तरी शेजारी उभे राहूनच येते. अमेरिकन परिचारिका-प्राध्यापक जीन वॉटसन यांनी १९७९ च्या आपल्या पुस्तकात आपुलकी हा नर्सिंगचा गाभा असल्याचे मांडले. ती शिकवायची तर शिकणाऱ्यालाही कुणाची तरी आपुलकी मिळावी लागते.

तरीही ऑनलाइन शिक्षणाला मी नावे ठेवणार नाही. जामखेडच्या बायकांना खरे बळ मिळाले ते दर आठवड्याला एकमेकींना भेटण्यातून. खेड्यात एकटी काम करणारी नर्स आज तशी भेट मोबाइलवर घेऊ शकते : जखमेचा फोटो वरिष्ठांना दाखवणे, अवघड रुग्णाबद्दल विचारणे, आणि ‘त्या घरात मला भीती वाटली’ हे कुणाला तरी सांगणे. फोनचा हा शेवटचा उपयोग मला सर्वात मोलाचा वाटतो.

आता तुमचे काम

इतिहास वाचून झाला. आता तुमच्या घरी नर्स येणार असेल तर एवढे करा.

१. शिक्षण विचारा. एएनएम, जीएनएम की बीएस्सी नर्सिंग? महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी आहे का? थोड्या दिवसांचा कोर्स केलेली रुग्णसेविका आंघोळ, जेवण, कूस बदलणे उत्तम करेल. तिला सलाइन लावायला सांगू नका.

२. आजार लपवू नका. कावीळ ब, कावीळ क, एचआयव्ही किंवा क्षयरोग असेल तर तिला आधी सांगा. वापरलेली सुई टोचल्यावर, लस न घेतलेल्या व्यक्तीला कावीळ ब होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के असते, कावीळ क ची सुमारे १.८ टक्के आणि एचआयव्हीची सुमारे ०.३ टक्के. कावीळ ब ची लस आहे. तिने तीन डोस घेतलेत का, ते विचारा.

३. सुयांसाठी झाकणाचा जाड प्लास्टिकचा डबा ठेवा. सुईला पुन्हा टोपण लावायला सांगू नका. सुई टोचलीच तर जागा साबण-पाण्याने धुवायची, पिळायची नाही, आणि लगेच सरकारी रुग्णालय गाठायचे. एचआयव्ही टाळण्याची औषधे शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात.

४. रुग्णाला उचलताना घरातला एक माणूस मदतीला हवा.

५. ती असताना घरात कुणी दारू प्यायलेले नको. कुत्रा बांधून ठेवा. शक्य असेल तर घरातली एखादी बाई जवळ असू द्या. खोलीचे दार उघडे ठेवा.

६. अंधार पडण्याआधी तिला निघता येईल अशी वेळ ठरवा. उशीर झालाच तर डांबरी रस्त्यापर्यंत सोबत द्या. पोहोचल्याचा फोन करायला सांगा. संकटात ११२ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक तिच्याइतकेच तुमच्याही लक्षात असू द्या.

७. रुग्णच वेडेवाकडे बोलत असेल किंवा अंगाला हात लावत असेल तर ‘म्हातारं माणूस आहे, चालायचंच’ म्हणून सोडून देऊ नका. स्मृतिभ्रंशात असे होऊ शकते आणि त्यावर उपाय असतात. डॉक्टरांना सांगा. पण तोवर सिस्टरला त्या खोलीत एकटे ठेवू नका.

८. पाणी, चहा, हात धुवायला साबण आणि स्वच्छ संडास. हे उपकार नाहीत, कामाच्या ठिकाणच्या साध्या सोयी आहेत.

ज्या घरात सिस्टरला भीती वाटते, त्या घरात ती पट्टी घाईत बांधते, कूस एकदा कमी बदलते आणि पुढच्या आठवड्यात येतच नाही. त्याची किंमत तुमच्या रुग्णाला बेडसोअरच्या रूपाने मोजावी लागते. सिस्टर उद्या दारात आली की पैसे आणि वेळ जरूर ठरवा. पण त्याआधी तिला एवढे विचारा : ‘ताई, इथं काम करताना तुम्हाला काही अडचण आहे का?’ आणि तिचे उत्तर पूर्ण ऐकून घ्या.