कूर्मदासाची वाट

मोहोळच्या आसपासच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला ‘एक दिवस कुठं फिरायला जायचं?’ असं विचारून बघा. दहातल्या आठ जणांचं उत्तर पंढरपूर असतं. मोहोळहून ते साधारण चाळीस किलोमीटर. रिसॉर्ट, वॉटरपार्क, वीकेंड हे आपल्या पिढीचे शब्द. त्याआधी कित्येक पिढ्या घराबाहेरचा मोकळा दिवस म्हणजे यात्रा, जत्रा नाहीतर लग्न. त्यामुळे ज्याला नीट चालता येत नाही त्याने दिवसभर बाहेर कसं पडावं, या प्रश्नाचा आपल्याकडचा इतिहास पर्यटनाच्या पुस्तकांत सापडत नाही. तो वारीच्या वाटेवर सापडतो.

पंढरपूरची गोष्टच मुळात म्हाताऱ्यांच्या प्रवासापासून सुरू होते. पुंडलिकाची जी कथा घरोघर सांगतात, तिच्यात तो काशीयात्रेला निघतो. तो आणि बायको घोड्यावर, आईबाप मागून पायी. वाटेत कुक्कुट ऋषींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडतात, तो परत येऊन आईबापांची सेवा करतो, आणि पुढे देवालाही विटेवर ताटकळत ठेवतो. आपण वीट लक्षात ठेवली. घोडा आणि त्याच्यामागून पाय ओढत येणारी दोन म्हातारी माणसं मात्र विसरलो.

याहून थेट गोष्ट आहे ती कूर्मदासाची. ताहराबादच्या महिपतींनी 1762 मध्ये ‘भक्तविजय’ लिहिला, त्यात ती आहे. कूर्मदास पैठणचा. जन्मापासून हातपाय नाहीत. कूर्म म्हणजे कासव, म्हणजे लोक त्याला कशावरून ओळखत हे नावातच आलं. कीर्तनात त्याने पंढरीचं वर्णन ऐकलं आणि तो निघाला. पोटावर सरपटत, लोळत, रोज थोडं थोडं. पैठण ते पंढरपूर सरळ रेषेत मोजलं तरी दीडशे किलोमीटरच्या वर भरतं, आणि मध्ये नद्या, ओढे, नांगरलेली रानं. एकादशी तोंडावर आली तेव्हा तो लऊळपर्यंत पोचला होता. हे लऊळ आजच्या माढा तालुक्यात, कुर्डुवाडीजवळ. इथून पुढे वेळेत जाणं होणार नाही हे त्याला कळलं. त्याने पंढरीला निघालेल्या वारकऱ्यांजवळ देवासाठी निरोप दिला. मग विठ्ठलच ज्ञानदेव-नामदेवांना घेऊन लऊळला आला. कूर्मदासाचं मंदिर आजही तिथे आहे.

आमच्या क्षेत्रात असल्या माणसाला ‘एज केस’ म्हणतात. हजार लोकांसाठी बांधलेली व्यवस्था एकासाठी मोडते, आणि मग मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतं, पुढच्या रिलीजला बघू. महिपतींनी तसं केलं नाही. या एका माणसासाठी त्यांनी देवालाच जागचा हलवला.

या कथेत मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली म्हणजे कूर्मदासाला कुणी उचलून नेलं नाही. आपल्या परंपरेत न चालणाऱ्याच्या प्रवासाचं ठरलेलं चित्र म्हणजे श्रावणबाळाची कावड किंवा डोली, नाहीतर कुणाची तरी पाठ. त्यात पुण्य उचलणाऱ्याला मिळतं. बसणाऱ्याला काय वाटतं हे फारसं कुणी विचारत नाही. माझ्या आजीचे गुडघे गेल्यापासून तिला दोघांनी धरून एसटीत चढवावं लागतं. ती एकदा म्हणाली, “पोतं चढवल्यावानी वाटतंय रं.” त्यानंतर ती दोन वर्षं कुठेच आली नाही. आम्ही सगळे समजलो की तिला आता जायची हौस राहिली नाही. कूर्मदासाची कथा पुन्हा वाचली तेव्हा लक्षात आलं की महिपतींना ही हौस नीट कळली होती. तो स्वतः निघतो, त्याचा वेग त्याचा स्वतःचा असतो, आणि थांबायचं कुठे तेही तोच ठरवतो.

दुसरी गोष्ट अशी की कथा सोयीस्करपणे वापरता येते. ‘देव भक्ताकडे येतो, मग तुम्ही कशाला त्रास घेता? घरी बसा, टीव्हीवर महापूजा दाखवतात.’ हे प्रेमाने म्हटलं जातं, पण कथा असं म्हणत नाही. देव पैठणला आला नाही. तो लऊळला आला, म्हणजे कूर्मदास घरातून बाहेर पडल्यानंतर. घरीच राहायचं ज्याने स्वतः ठरवलं तो सावता माळी. त्याला मळा सोडायचा नव्हता. कूर्मदासाच्या भेटीला जाताना देव अरणला सावत्याकडे थांबला असं महिपती सांगतात. सावत्याच्या भेटीसाठी आजही दरवर्षी आषाढात पांडुरंगाची पालखी पंढरपूरहून अरणला जाते. दोन गावं एकाच तालुक्यात आहेत, पण एकाला जायचं नव्हतं आणि दुसऱ्याला जाता येत नव्हतं. हा फरक पुसला की सगळ्याच अडचणीला भक्ती म्हणायची सोय होते.

एकोणिसाव्या शतकात लोखंडी रूळ आले. मुंबईकडून येणारा लोहमार्ग 1860 मध्ये मोहोळवरून सोलापूरला पोचला. पण पंढरपूर त्यापासून बाजूला राहिलं आणि उरलेली मजल बैलगाडीची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने बार्शी लाइट रेल्वे उभी केली. 1897 मध्ये बार्शी ते बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, अशी अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची ती छोटी गाडी सुरू झाली. 1906 मध्ये ती पंढरपूरला गेली. ज्या मुलखात कूर्मदास अडकला, तिथूनच पंढरीची गाडी सुटू लागली हा योगायोग मला फार आवडतो. तिकीट काढलेला म्हातारा कुणाच्या पाठीवर नसतो, तो प्रवासी असतो. मात्र डब्यात चढणं हे काम तेव्हाही त्याचं त्यालाच करायचं होतं.

एसटीचंही तेच. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत आहे. दिव्यांगांना तिकिटात पंचाहत्तर टक्के सवलत आहे. सवलत सगळी तिकिटात, दाराच्या पायऱ्या मात्र पूर्वी होत्या तेवढ्याच उंच.

कायद्याची वाट कूर्मदासाच्या वेगानेच चालली आहे. 1995 च्या कायद्यात सार्वजनिक इमारतींना उतार करा असं होतं, पण सरकारच्या ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’. या एका शब्दप्रयोगात वीस वर्षं गेली. 2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले आणि जुन्या सार्वजनिक इमारतींसाठी पाच वर्षांची मुदत घातली. राजीव रतुरी यांनी 2005 मध्ये दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये सांगितलं की सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, सक्तीचे किमान निकष करावे लागतील.

मोहोळच्या दृष्टीने मोठी घटना मात्र रस्त्याची. संत ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी नोव्हेंबर 2021 मध्ये झाली. दिवेघाटापासून सुरू होणारा हा सुमारे 221 किलोमीटरचा टप्पा मोहोळला संपतो. खर्चाचा अंदाज 6,690 कोटींहून जास्त. योजनेत दोन्ही बाजूंना पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट आहे. चालणाऱ्यासाठी सरकारने इतका मोठा विचार क्वचितच केला असेल. पण व्हीलचेअरसाठी एवढी लांबी कामाची नसते. तिला वाटेवर चढायच्या आणि उतरायच्या जागा लागतात. हिशेब सोपा आहे: एक फूट चढाला बारा फूट उतार. सहा इंचांच्या एका कडेला सहा फूट. तेवढं नसेल तर चेअरवरच्या माणसासाठी 221 किलोमीटरची वाट त्या सहा इंचांपाशीच संपते.

पंढरपुरात पोचल्यावर चंद्रभागेच्या घाटांना पायऱ्या, खाली वाळवंटात चाकं रुततात, आणि महाद्वारात साक्षात नामदेव पायरी. संतांचे पाय आपल्याला लागावेत म्हणून नामदेवांनी तिथे समाधी घेतली असं मानतात. त्या पायरीला कुणी हात लावू नये हे मलाही मान्य आहे. शेजारून वाट काढता येते का, एवढाच प्रश्न आहे. परंपरेने पर्याय ठेवलेलेच आहेत. गाभाऱ्यात जाऊन पायांवर डोकं टेकवता आलं नाही तर मुखदर्शन, तेही नाही जमलं तर कळसाचं दर्शन, आणि तेही दर्शनच मानलं जातं.

आजीला यंदा पंढरपूरला नेणार नाही. लऊळ ठरलं आहे, आषाढीची गर्दी ओसरल्यावर. भाड्याची गाडी बघताना आमचं पहिलं काम सीटची उंची टेपने मोजणं. तिच्या खाटेची उंची तिने स्वतः मोजून सांगितली आहे: अठरा इंच. त्याहून वर नको, म्हणाली.