मोटारसायकलच्या पेट्रोलची वाट

मोटारसायकलचा इतिहास सांगणारे बहुधा इंजिनापासून आरंभ करतात. आम्ही टाकीपासून करणार आहोत; कारण महाड-पोलादपूरकडील कामगार रात्रपाळीला जाताना अडकतो, तो पुष्कळदा टाकी आणि इंजिन यांमधल्या हातभर वाटेवरच. आम्ही कोणत्या यंत्रशाळेत शिकलेलो नाही. औद्योगिक वसाहतीच्या फाटकांवर सभा घेत हिंडताना, गाड्या ढकलताना जे कळले आणि मागाहून पुस्तकांशी ताडून पाहिले, तेच येथे मांडीत आहोत.

1885 साली जर्मनीत डाइमलर व मायबाख यांनी लाकडी सांगाड्याच्या दुचाकीला पेट्रोलचे इंजिन बसविले. पुढे 1893 च्या सुमारास मायबाखने, आणि स्वतंत्रपणे हंगेरीत बांकी व चोंका या दोघांनी, बारीक छिद्रातून पेट्रोल फवारणारा कार्ब्युरेटर सिद्ध केला. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे दुचाकी मुख्यतः याच तत्त्वावर चालली. टाकी वर, इंजिन खाली. पेट्रोल आपल्याच वजनाने उतरे. कार्ब्युरेटरच्या वाटीत एक तरंगता फ्लोट असे. वाटी भरली की तो वर येऊन सुईने वाट बंद करी. इंजिनाने ओढलेली हवा अरुंद गळ्यातून वेगाने जाताना तेथला दाब उतरे आणि जेटमधून पेट्रोल आपोआप वर खेचले जाई. 1955 साली मद्रासला आलेली बुलेट घ्या किंवा 1985 ची हिरो होंडा सीडी 100 घ्या, दोन्हींत व्यवस्था हीच. पंपाचे काम फुकटात पृथ्वी करीत होती!

म्हणूनच बिघाडही डोळ्यांना दिसे. जेट तुंबला तर काढून तोंडाने फुंकावा, वाटीत पाणी आले तर खालचा स्क्रू सैल करून सोडून द्यावे, टाकीच्या झाकणाचे हवेचे भोक बुजले तर झाकण क्षणभर उघडावे. एक पाना आणि एक पेचकस एवढ्यावर कोकणातले कित्येक मिस्त्री संसार चालवीत आले.

इंजेक्शनची पद्धत दुचाकीत 1980 पासून, कावासाकीच्या मोठ्या गाड्यांतून, दिसू लागली. आपल्याकडे 2006 साली ग्लॅमर एफआय आली. 2007 साली पुण्याच्या बजाजने पल्सर 220 ला इंजेक्शन दिले आणि गंमत अशी की, 2009 साली तीच गाडी पुन्हा कार्ब्युरेटरवर आणली. याला कोणी माघार म्हणेल. आम्हांला तो बाजाराचा हिशेब वाटतो. तो हिशेब कायद्याने मोडला. 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज 6 लागू झाले, आणि धुरावरची ती बंधने पाळण्याइतके काटेकोर मिश्रण साध्या कार्ब्युरेटरला साधेना. हवा स्वच्छ व्हावी हे आम्हांला मान्यच आहे. रासायनिक कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्याला ते कोणी शिकवायला नको.

आता पंप टाकीच्या आत, पेट्रोलात बुडालेला असतो. चावी फिरवली की दोन-तीन सेकंद 'हूं' असा आवाज येतो, तो त्याचाच. तो साधारण अडीच ते तीन किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाने पेट्रोल इंजेक्टरकडे ढकलतो. ज्या पेट्रोलात तो बुडतो तेच त्याला थंड ठेवते. म्हणून नेहमी तळाशी पेट्रोल ठेवून गाडी हाकणारा आपल्याच पंपाला भाजून काढतो.

पंप दुबळा झाला की सपाट रस्त्यावर कळत नाही. पोलादपूर सोडून आंबेनळी घाट चढू लागले की गाडी गचके देते, ॲक्सिलरेटर पिळूनही जोर धरत नाही. तापली की बंद पडते, अर्ध्या तासाने निमूट चालू होते. सकाळी स्टार्टर फार वेळ दाबावा लागतो. चावी फिरवूनही 'हूं' आलाच नाही, तर मात्र पंपाला दोष देण्यापूर्वी बॅटरी, फ्यूज, रिले पाहावेत; आवाज येऊन जोर नसेल तर गाळणी तुंबली आहे का ते पाहावे. नळी रस्त्यावर उपटून पाहू नये. दाबाखालचे पेट्रोल तापल्या इंजिनावर उडते.

22 जुलै 2021 ला सावित्री-गांधारीचे पाणी महाडात शिरले. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली. त्या दुःखापुढे गाड्यांचे दुःख बोलू नये. पण बुडालेल्या गाडीचा हप्ता बुडत नाही आणि पाळीची वेळ टळत नाही. पाणी पेट्रोलाहून जड. ते तळाशी बसते आणि पंपाचे तोंडही तळाशीच. टाकी रिकामी करून पुसण्याआधी चावी फिरवली की पंप पहिला घोट पाण्याचाच घेतो. आता पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते पाणी शोषते, आणि पाणी मर्यादेबाहेर गेले की त्याच्यासह वेगळे होऊन खाली बसते. कोकणच्या पावसात झाकणाचे रबर तपासणे म्हणूनच अगत्याचे.

आमच्या एका सभासदाची गाडी कशेडी घाटाच्या पायथ्याशी बंद पडली. 'हूं' नव्हता. एका गॅरेजवाल्याने पंप गेला म्हणून सांगितले, बदललाही. काढलेला पंप आम्ही हट्टाने मागून घेतला आणि दुसऱ्या जाणत्या मिस्त्र्याकडे नेला. तो धडधाकट निघाला. मग बिल उलगडून पाहिले. पंपाच्या हजारो रुपयांखाली आणखी एक ओळ होती : फ्यूज, रुपये दहा.