सणाचा स्वयंपाक आणि आहेरातलं पुस्तक

लग्नाच्या आहेरात पाककृतींचं पुस्तक देण्याची रीत महाराष्ट्रात विसाव्या शतकात पडली आणि 1970 नंतर चांगलीच रुळली. तिचं एक ठरलेलं स्पष्टीकरण दिलं जातं. एकत्र कुटुंबं मोडली, मुली शिकून नोकरीला लागल्या, नव्या जोडप्याचं बिऱ्हाड वेगळं झालं. हाताशी ना आई ना सासू, मग शिकवणार कोण, तर पुस्तक. हे खोटं नाही, पण अपुरं आहे. वरण-भात, पोळी, पालेभाजी, आमटी हे पदार्थ रोज करावे लागतात आणि रोज केल्याने चार-सहा महिन्यांत हातात बसतात. चुकलं तर दुसऱ्या दिवशी सुधारता येतं. वर्षातून एकदाच करायच्या पदार्थांचं तसं नसतं. अनारसे, चिरोटे, करंज्या, चकलीची भाजणी, कटाची आमटी, उकडीचे मोदक यांत चूक झाली तर ती सुधारायची संधी पुढच्या वर्षी, आणि तोवर काय चुकलं तेही आठवत नाही. म्हणून माझं म्हणणं असं की आहेरातलं पुस्तक मुख्यतः सणासाठी होतं. पुढे त्याच पुस्तकाने आपल्या सणाच्या ताटाला आज दिसणारं रूप दिलं.

अनारशाचंच बघा. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, मग निथळून सावलीत कापडावर पसरायचे आणि किंचित ओल राहिली असतानाच कुटायचे. पीठ बारीक चाळून त्याच्या वजनाइतका गूळ घालायचा, घट्ट गोळा करून काही दिवस मुरू द्यायचा. मग खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवर तुपात सोडायचा. ओल जास्त राहिली तर अनारसा तुपात विरघळतो, कमी पडली तर जाळी पडत नाही. हे ज्ञान मोठ्या घरात एकाच बाईकडे असायचं असं नाही, ते वाटलेलं असायचं. पीठ कुटणारी एक, गुळाचा अंदाज घेणारी दुसरी, कढईपाशी बसणारी तिसरी. घरातल्या मुलीने लग्नाआधी पंधरा दिवाळ्या पाहिलेल्या असत, पण त्या कडेने पाहिलेल्या. करंजीत सारण भरणं आणि कातण फिरवणं तिच्याकडे असे, मोहन किती घालायचं ते तिला कोणी विचारलेलं नसे. भाजणीत तांदळाला डाळ किती हे प्रमाण एखाद्या आत्याबाईच्या डोक्यात असे. बिऱ्हाड वेगळं झालं तेव्हा हरवलं ते हे प्रमाण. रोजचा स्वयंपाक मुलीसोबत आपोआप गेला, सणाचा मागे राहिला.

पाककृती लिहून ठेवणं आपल्याकडे नवं नव्हतं. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या नावावर असलेल्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात राजाच्या जेवणाचं सविस्तर वर्णन आहे. सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त यांनी ‘भोजनकुतूहल’ लिहिलं, तंजावरच्या मराठी राजांच्या पदरीही पाकशास्त्राची टिपणं झाली. सवाई माधवरावाच्या लग्नासाठी नाना फडणवीसांनी केलेल्या तपशीलवार व्यवस्थेत पंगतींचाही बंदोबस्त होता. पण हे सारं दरबारासाठी होतं. एका घरातून दुसऱ्या घरात जाणाऱ्या मुलीच्या हाती देता येईल असं पुस्तक छापखान्याशिवाय शक्य नव्हतं. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ 1875 साली आलं, मराठीतल्या सर्वांत जुन्या छापील पाकपुस्तकांत त्याची गणना होते. ते पुरुषाने लिहिलेलं होतं. 1910 साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ आलं आणि नावातच वाचक कोण ते ठरलं. 1943 साली मुंबईच्या सारस्वत महिला समाजाने ‘रसचंद्रिका’ काढलं. माझ्या युक्तिवादासाठी ते फार महत्त्वाचं आहे, कारण त्यात नुसत्या पाककृती नाहीत, घरगुती औषधं आहेत आणि सणवारांची माहितीही आहे. नव्या घरात गेलेल्या मुलीला काय काय लागेल याचा विचार एका संस्थेतल्या बायकांनी मिळून केला आणि त्यात सणांना जागा दिली. त्यांना नुसती सासूची उणीव भरून काढायची असती, तर सणवारांना पानं देण्याचं कारण नव्हतं.

तरीही आहेराचं पुस्तक म्हटल्यावर नाव येतं ते कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’चं. ते 1970 साली किर्लोस्करांकडून प्रसिद्ध झालं. तेव्हाच का? शहरीकरण, नोकऱ्या, स्वतंत्र बिऱ्हाडं ही कारणं आहेतच, पण एका कारणाकडे कोणी फारसं बघत नाही: वजनमापं. 1956 च्या कायद्याने देशात दशमान पद्धत आली, 1958 पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि 1962 पर्यंत कायदेशीर व्यवहारातून शेर, छटाक, तोळा हटले. शेर तर मापाचाही होता आणि वजनाचाही, त्यातही मापाचा शेर गावोगाव वेगळा. आजीच्या तोंडचं प्रमाण पायली-चिपट्यांत, जुन्या पुस्तकातलं शेर-तोळ्यांत आणि वाण्याची पुडी ग्रॅममध्ये, असा पेच 1960 च्या दशकातल्या प्रत्येक नव्या संसारात होता. रोजच्या आमटीला त्याने काही बिघडत नव्हतं, ती अंदाजाने होते. भाजणीचं मात्र सगळं त्यावर अवलंबून. ‘रुचिरा’ने वाटी आणि चमचा ही मापं धरली. वाटी घरोघर लहान-मोठी असली तरी एकाच वाटीने सारं मोजलं तर प्रमाण बिघडत नाही. एक वाटी तांदळाच्या पिठीला एक वाटी पाणी, एवढं कळलं की मोदकाची उकड जमते, वाटी स्टीलची असो की पितळेची. कायद्याने बदललेल्या आणि प्रांताप्रमाणे बदलणाऱ्या दोन्ही मापांना वळसा घालून हे पुस्तक थेट मांडणीवरच्या भांड्याशी बोललं. वाटीलाही मर्यादा आहे: गूळ किती दाबून भरला यावर तिचं वजन बदलतं, म्हणून अनारशाला तराजूच बरा. पण बाकी बहुतेक फराळाला तिने उत्तर दिलं, आणि विदर्भातून मुंबईला किंवा सांगलीहून थेट परदेशी गेलेल्या मुलीच्या सामानात ते पुस्तक जाऊ लागलं.

पहिला आक्षेप असा की स्वयंपाक पुस्तकाने येत नाही, हाताने येतो. मान्य. पाक एकतारी झाला का, रवा किती भाजायचा, हे नुसत्या वाचनाने कळत नाही. पण आहेर घेणारी मुलगी कोरी पाटी नव्हती. तिने पोळ्या लाटल्या होत्या, फोडणी केली होती, करंजीची कड मुडपली होती. हात तयार होता, फक्त आकडा आणि क्रम नव्हता. पुस्तकाने नेमक्या त्याच दोन गोष्टी दिल्या. तमिळनाडूत हेच झालेलं दिसतं. चेन्नईच्या एस. मीनाक्षी अम्माळ यांचं ‘समैत्तु पार’ 1951 साली आलं, तेही नवविवाहितांना द्यायचं पुस्तक म्हणून घरोघर गेलं, आणि पुढच्या भागांत त्यांनी सणांच्या व धार्मिक प्रसंगांच्या स्वयंपाकाला जागा दिली. दोन वेगळ्या भाषांत, एकमेकींना न बघता, लेखिका सणाकडे वळल्या, कारण गरज तिथेच होती.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पुस्तकांनी सणाचं ताट एकसारखं केलं, आणि ते करताना काही जातींचंच ताट ‘महाराष्ट्रीय’ ठरवलं. यातला पहिला भाग मला पूर्ण पटतो. घरागणिक वेगळी असलेली भाजणी छापली गेली की एक होते, आणि दोन पिढ्यांनी तीच परंपरा म्हणून सांगितली जाते. पण यातून पुस्तकं एकाच घरची होती असा निष्कर्ष काढणं बरोबर नाही. धुरंधर पाठारे प्रभू, त्यांच्या पुस्तकात मांसाहारही आहे, आणि ‘रसचंद्रिका’ सारस्वतांची. तोटा झाला तो या वर्तुळाबाहेरच्यांचा. ज्यांच्याकडे तूप आणि साखर सणालाही नव्हती, ज्यांना गावच्या पंगतीत जागा नव्हती, त्यांचं अन्न दीर्घकाळ कोणी छापलंच नाही. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ 2015 साली आलं, त्यात मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकघरातले पदार्थ आणि त्यामागची वंचना एकत्र नोंदली आहे. पहिल्या छापील पुस्तकांनंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी. हा उशीर माझ्या मुद्द्याला बाधत नाही, उलट त्याला धार देतो: जे छापलं गेलं तेच आहेरात गेलं, आणि जे आहेरात गेलं तेच पुढच्या पिढीला सणाचं जेवण म्हणून माहीत झालं.

आता फराळ विकत मिळतो आणि कृती फोनवर दिसते, मग पुस्तक द्यायचं कशाला, असंही कोणी म्हणेल. फोनवरच्या कृती रोज नव्या येतात. सणाच्या पदार्थाला वर्षभरानंतर तीच कृती त्याच जागी सापडावी लागते, आणि समासात ‘गूळ थोडा कमी’ असं लिहिता यावं लागतं. म्हणून दिवाळीला किंवा लग्नात पुस्तक निवडताना चकचकीत छायाचित्रं बघू नयेत, तीन गोष्टी बघाव्यात. प्रमाण एकाच मापात दिलं आहे का. झालं हे ओळखायची खूण सांगितली आहे का, म्हणजे पुरण शिजलं की त्यात उलथणं उभं राहतं, साटा हलका झाला की पाण्यावर तरंगतो, अशी. आणि लेखिका कुठल्या भागातली, कुठल्या घरातली ते कळतं का, कारण ‘अस्सल महाराष्ट्रीय’ म्हणून गावाचा पत्ता न सांगणारं पुस्तक कोणाच्याच घरचं नसतं. कोकणातल्या मुलीचं लग्न मराठवाड्यात होत असेल तर एक पुस्तक तिच्या माहेरच्या भागाचं द्यावं आणि एक सासरच्या. मुलग्यालाही द्यावं. फराळाचं गणित सुनेनेच सांभाळावं, हे ‘गृहिणीमित्र’च्या काळात धरून चाललं होतं, आज ते धरून चालायचं कारण नाही.