पाळी गेल्यावरचा विसराळूपणा : संप्रेरकांचा दोष किती?

पाळी गेली की बाईची स्मरणशक्तीही जाते, असे सर्रास म्हटले जाते. रजोनिवृत्तीनंतर अंडाशयातून येणारे इस्ट्रोजेन खूप घटते, हे खरे. पण बुद्धी त्याच प्रमाणात घटते का?

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या व्हिक्टर हेंडरसन व सहकाऱ्यांनी 2013 मध्ये 643 निरोगी स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रजोनिवृत्त झालेल्या या स्त्रिया संप्रेरकांची औषधे घेत नव्हत्या. रक्तातील इस्ट्रोजेनची पातळी आणि स्मरणशक्ती यांचा संबंध आढळला नाही. पाळी जाऊन सहा वर्षे न झालेल्यांत मात्र प्रोजेस्टेरॉन जास्त असलेल्यांची शब्दस्मृती थोडी बरी होती.

मग गोळ्या घेऊन बुद्धी टिकते का? 65 वर्षांवरील सुमारे साडेचार हजार अमेरिकन स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष 2003 मध्ये आले, ते उलटेच होते. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे 40 रुग्ण निघाले, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत 21. पन्नाशीच्या आसपास सुरू केलेल्या उपचाराने चार वर्षांत बुद्धीला फायदा झाला नाही आणि तोटाही नाही, असे 2015 च्या दुसऱ्या चाचणीत दिसले. अंगातून वाफा येणे, रात्रीचा घाम यांवर ही औषधे गुणकारी आहेत. स्मरणशक्तीचे टॉनिक म्हणून ती कुणी विकत असेल तर सावध राहावे.

शस्त्रक्रियेने अंडाशय काढले तर गोष्ट वेगळी. मेयो क्लिनिकच्या 2007 च्या अभ्यासात, नैसर्गिक रजोनिवृत्तीआधी अंडाशय काढलेल्या स्त्रियांत पुढे बौद्धिक ऱ्हासाचा धोका वाढलेला दिसला. वय जितके कमी, तितका धोका जास्त. आपल्याकडे हा प्रश्न पुस्तकी नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या 2019 च्या सरकारी पाहणीत 13 हजारांहून अधिक जणींची ‘पिशवी’ काढलेली आढळली. नुसते गर्भाशय काढले तर अंडाशयाचे काम लगेच थांबत नाही. दोन्ही अंडाशय काढले तर इस्ट्रोजेन एकदम कोसळते. पण बाईला बहुधा एवढेच सांगितलेले असते, की पिशवी काढली.

म्हणून वस्तीत आरोग्याचे काम करणाऱ्यांनी अशा बाईचे डिस्चार्ज कार्ड मागून वाचावे. चाळिशीच्या आत दोन्ही अंडाशय गेले असतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे संप्रेरक उपचाराबद्दल विचारावे; तिच्याबाबतीतला हिशेब 65 वर्षांच्या बाईसारखा नसतो. बाकीच्या विसराळूपणात थायरॉईड, बी-12, रक्तक्षय, अपुरी झोप आणि नैराश्य आधी तपासून घ्यावे.