यकृताचा आकडा

देवळाली प्रवऱ्यात कुणाच्या रक्ततपासणीत 'एसजीपीटी वाढलंय' असे निघाले, की घर हबकते. यकृताच्या पेशी दुखावल्या म्हणजे त्यांच्यातले हे द्रव्य रक्तात झिरपते. गंजीतून धूर निघावा, तसे हे. धूर दिसला, आग कशाने लागली ते कळत नाही.

ही तपासणी १९५५ च्या सुमारास वैद्यकात आली. त्याच सालच्या अखेरीस दिल्लीत पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळून सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. तिचे जपून ठेवलेले रक्तनमुने पुण्याच्या विषाणू संस्थेतील संशोधकांच्या सहभागाने पुन्हा तपासले गेले. १९८० साली कळले, हा विषाणू निराळाच! पुढे त्याला 'ई' नाव मिळाले. गरोदर बाईच्या तर तो जिवावर उठतो.

तेव्हा आकड्याला भिऊ नका, विसरूही नका. दारू, औषध, चरबी की पाणी, हे डॉक्टरांना विचाराच.