छायाचित्रातील डाग आणि खूण



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या स्मृतीला प्रथम अभिवादन करतो. मराठीच्या अध्यापकाने छायाचित्रावर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु पोथीतला मूळ पाठ कोणता आणि लेखनिकाने मागाहून केलेली ‘दुरुस्ती’ कोणती, हे शोधण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. पोथीप्रमाणे छायाचित्रातही पाठभेद असतात. आज बेळगाव-निपाणी भागातील मुले संगणकावर छायाचित्रे सुधारण्याची, त्यांवर नाना परिणाम साधण्याची विद्या हौसेने शिकत आहेत. या विद्येची पूर्वपीठिका त्यांच्यापुढे ठेवावी, एवढाच आजचा हेतू आहे.

ही विद्या संगणकाबरोबर जन्मली, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः ती छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. तिच्याशी संबंधित असलेल्या विल्यम जॉन्सनने मुंबईतील नाना जातीजमातींच्या लोकांच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ व १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांतील अनेक चित्रांत माणसे एकीकडे टिपलेली आहेत आणि त्यांच्यामागची देवळे, रस्ते, झाडे निराळ्याच छायाचित्रांतून आणून जोडलेली आहेत. पार्श्वभूमी बदलण्याची जी करामत आज विद्यार्थी पहिल्या आठवड्यात शिकतो, ती मुंबईत दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी झाली होती. हे ठाऊक नसलेला अभ्यासक त्या चित्रांवरून ‘अमुक लोक अमुक ठिकाणी राहत’ असे अनुमान काढील आणि सपशेल फसेल.

दादासाहेब फाळके यांचे उदाहरण याहून बोलके आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात त्यांचे शिक्षण झाले. छायाचित्रण, ठसे तयार करणे, छपाई आणि जादूचे प्रयोग अशा सर्व वाटा त्यांनी तुडविल्या होत्या. चित्रपटासाठी भांडवल मिळावे म्हणून १९१२ साली त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्याथोड्या अवधीने चित्रबद्ध केली आणि अनेक दिवसांची वाढ क्षणांत दाखविली. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला, तो या तयारीनंतर. त्यांच्यापाशी चमत्कार होता. पण त्या चमत्काराच्या मागे बीज कसे उगवते याचे दिवसेंदिवस केलेले निरीक्षण होते.

निपाणीहून हाकेच्या अंतरावरील कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी नाटकांचे पडदे रंगवता रंगवता स्वतः कॅमेरा घडविला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्यातील कीचकवधाचे दृश्य इतके खरे वाटले की त्याला सरकारी कात्री लागली. प्रतिमेतील आभास किती सामर्थ्यवान असतो, हे आपल्या शेजारीच सिद्ध झाले होते.

आता गावोगावच्या फोटो स्टुडिओकडे वळू. तेथील रिटचिंग करणारा कारागीर उताराच्या मेजावर निगेटिव्ह ठेवून, मागून प्रकाश घेऊन, टोकदार पेन्सिलीने काम करी. निगेटिव्हवर सारे उलटे असते. चेहऱ्यावरील सुरकुती तेथे पारदर्शक रेघ म्हणून दिसते. तिच्यावर पेन्सिल फिरविली की छापील प्रतीत ती उजळून नाहीशी होते. उलट एखादा भाग गडद करावयाचा तर पात्याने हलकेच खरवडावे लागे. डार्करूममध्ये कागदावर प्रकाश पडत असता मध्ये हात किंवा पुठ्ठा धरून चित्राचा एखादा भाग उजळ ठेवीत, तर दुसऱ्या भागाला जास्त प्रकाश देऊन तो गडद करीत.

थॉमस व जॉन नोल या अमेरिकी बंधूंची ‘फोटोशॉप’ ही आज्ञावली १९९० साली बाजारात आली, तेव्हा तिने याच क्रिया उचलल्या. तिच्यातील ‘डॉज’ आणि ‘बर्न’ ही नावे डार्करूममधलीच आहेत. १९९४ च्या आवृत्तीत ‘लेयर’, म्हणजे एकावर एक ठेवता येणारे पारदर्शक थर आले. त्यांमुळे मूळ चित्राला धक्का न लावता वरच्या थरावर काम करता येऊ लागले. माझ्या मते सर्वांत मोलाचा फरक हाच. जुन्या कारागिराला खरवडलेली काच पूर्ववत करता येत नसे. म्हणून तो हात लावण्यापूर्वी चेहरा बराच वेळ निरखीत बसे. आज केलेले क्षणात मागे घेता येते. म्हणून निरखणे मात्र कमी झाले आहे.

याचा अनुभव मी घरातच घेतला. माझ्या आईवडिलांचे एकत्र असे एकच छायाचित्र आमच्या घरी आहे, आणि तेही जोडलेले. वडील आधी गेले. पुढे निपाणीतील एका कारागिराने दोघांची निरनिराळी चित्रे एकत्र करून दिली. वडिलांच्या अंगावरचा कोट त्याने रंगविलेला आहे. तसा कोट त्यांनी उभ्या जन्मात घातला नव्हता. कागदाला बुरशी लागली, तेव्हा मी ते संगणक शिकणाऱ्या नातवाकडे दिले आणि “सगळे डाग काढ,” असे सांगितले. त्याने मन लावून काम केले. नवी प्रत पाहून मी संतोष पावलो. आमच्या थोरल्या आक्काने मात्र ती डोळ्यांजवळ धरली आणि म्हणाली, “ही आपली आई न्हवं.”

बुरशीबरोबर आईच्या कपाळावरचे आणि हनुवटीवरचे गोंदण पुसले गेले होते. नातवाला ते डागच वाटले. दोष त्याचा नव्हता. ‘सगळे’ हा शब्द माझा होता, आणि गोंदण म्हणजे काय हे त्याला मी कधी सांगितले नव्हते. सुदैवाने त्याने मूळ प्रत राखून ठेवली होती. मग तो आक्काशेजारी बसला. “हे काय? हे ठेवू का?” असे एकेका ठिपक्याविषयी विचारीत त्याने नवी प्रत तयार केली. बुरशी गेली, गोंदण राहिले. कोटही राहिला, फक्त तो रंगविलेला आहे, अशी नोंद प्रतीच्या मागे केली.

पोथीच्या संपादनाचा नियम याहून वेगळा नाही. मूळ जपावे, बदल नोंदवावा आणि जाणत्याला विचारल्याखेरीज काही पुसू नये. कल्पनाचित्र रंगवताना विद्यार्थ्याने खुशाल आकाश जांभळे करावे. तेथे कोणी फसत नाही. स्मृतीचे आणि पुराव्याचे चित्र हाती येते तेव्हा मात्र जबाबदारी बदलते. आपल्या सीमाभागात तर १९५६ नंतरच्या चळवळींची, निपाणीच्या १९८१ च्या तंबाखू आंदोलनाची छायाचित्रे घराघरांतून पडून आहेत. उद्याचा इतिहासकार त्यांवरच विसंबणार आहे.

म्हणून शाळेला एक विनंती करतो. संगणककक्षात परिणामांचे पाठ सुरू करण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील एक जुने छायाचित्र आणावे. त्यातील माणसे कोण, स्थळ कोणते, अंगावरील खुणा कशाच्या, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहावे. मग खुशाल माऊस हाती घ्यावा. माजी विद्यार्थ्यांनी आपली छायाचित्रे या कामी शाळेला पाहावयास द्यावीत. विचारण्याजोगी माणसे अजून आपल्यात आहेत, तोवरच हे होण्यासारखे आहे.