मानधन की मजुरी?

युनियनच्या कचेरीत संध्याकाळी येणारी माणसे बहुधा तीन प्रकारची असतात. कुणाचा पगार थकलेला असतो, कुणाला कामावरून काढलेले असते, आणि कुणाला नुसता एखादा अर्ज लिहून हवा असतो. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे चौथ्या प्रकारचा एक गिऱ्हाईक आला. मालवणकडचा मुलगा, पदवी घेतलेला, हातात कात्रणांची पिशवी. एका नियतकालिकाने त्याचे सात लेख छापले होते आणि एकाचाही मोबदला दिला नव्हता. त्याने विचारले, "काका, लेखाचे पैसे मागूचे की नाय?"

कामगारांच्या हक्कांवर तासन् तास बोलणारे आम्ही, पण ह्या प्रश्नापुढे क्षणभर गप्प झालो. कारण तरुणपणी आम्हीही एका साप्ताहिकात असेच लिहिले होते. पैशांची विचारणा करताच "तुमचे नाव झाले ना?" असे उत्तर मिळाले, आणि आम्ही खजील होऊन परतलो. वडील गिरणीत होते. 1982 च्या संपानंतर घर गावी आले आणि आमची शाळा दहावीला थांबली. पुढचे सारे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर झाले. अशा माणसाला आपले नाव छापून येणे हीच दिवाळी वाटते. त्या आनंदात आम्ही आमची मजुरी विसरलो. त्या मुलाला उत्तर द्यायचे म्हणून आम्ही ह्या प्रश्नाचा मागचा इतिहास चाळू लागलो. आजचे व्याख्यान हे त्या चाळण्याचे फळ होय.

आरंभ आपल्याच जिल्ह्यापासून करू. देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर ह्यांनी 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू केले. मराठी वृत्तपत्राचा जन्म तो हाच. परंतु बाळशास्त्र्यांची चूल 'दर्पण'वर पेटत नव्हती. त्यांचे पोट शिक्षणखात्यातील कामावर आणि एल्फिन्स्टन विद्यालयातील अध्यापनावर चाले. 'दर्पण' 1840 साली बंद पडले. अध्यापन मात्र चालू राहिले. म्हणजे पहिल्या मराठी संपादकापासूनच आपल्याकडे एक वहिवाट पडली: नोकरी पोटासाठी, लेखणी लोकांसाठी. बाळशास्त्र्यांनी ती निष्ठेने स्वीकारली. पुढे अनेकांच्या बाबतीत ती सोयीची सबब झाली.

लिहिण्याबद्दल रोख पैसे मिळण्याची पहिली मोठी वाट सरकारी होती. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना वाटली जाणारी दक्षिणा इंग्रजी अमलात काही अंशी मराठी ग्रंथांकडे वळली, आणि 1851 सालापासून दक्षिणा प्राइझ कमिटी पुस्तकांना व भाषांतरांना बक्षिसे देऊ लागली. नव्या लेखकाला ही मोठी संधी होती. पण दारावर बसणारे कोण होते तेही पाहिले पाहिजे. 1855 साली जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक ह्याच कमिटीकडे पाठवले. ते नाकारण्यात आले. नवशिक्याचे लिखाण परत येते ते दर वेळी कच्चे असते म्हणूनच येते असे नव्हे. पुष्कळदा ते परत पाठवणाऱ्याला पचलेले नसते. साभार परत आलेला लेख हातात घेऊन बसलेल्या तरुणाने हे एक उदाहरण मनाशी ठेवावे.

पुढची वाट मासिकांनी खुली केली, आणि तीतही आपल्या मुलखाचा हात आहे. 1895 साली 'मनोरंजन' मासिक काढणारे काशीनाथ रघुनाथ मित्र ह्यांचे मूळ आडनाव आजगावकर. बंगाली वाङ्मयावर त्यांचे इतके प्रेम की आडनावही बंगाली घेतले. बंगाली कथाकादंबऱ्या मराठीत आणीत ह्या गृहस्थाने हजारो घरांत वाचनाची गोडी लावली, आणि 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून आजवर चालत आलेल्या एका प्रथेचा पाया घातला. दिवाळी अंक हा मराठी लेखकाचा सुगीचा हंगाम. भाताला पाऊस तसा लेखकाला दिवाळी अंक. पण हंगामी कामगाराचे दुःख आम्हांस ठाऊक आहे: सुगी एकदाच येते आणि पोट बारा महिने असते.

आता कोकणच्या मातीत राहून लिहिणाऱ्यांकडे वळू. वि. स. खांडेकर 1920 ते 1938 शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते. शिक्षकाचा तुटपुंजा पगार, गावही आडवळणाचे. तरी तेथूनच त्यांच्या कथा सर्वत्र गेल्या, आणि तेथे असतानाच त्यांनी 'छाया' ह्या चित्रपटाची कथा लिहिली. तो 1936 साली पडद्यावर आला. आरवलीच्या जयवंत दळवींनी वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत उमेदवारी केली; मग मुंबईतील अमेरिकन माहितीखात्यात नोकरी धरली, आणि त्या आधारावर कथा, कादंबऱ्या, नाटके लिहिली. 'ललित' मासिकात ठणठणपाळ होऊन त्यांनी साहित्यिकांचीच फिरकी घेतली. पोट दुसरीकडे सुरक्षित असल्याने लेखणीला कुणाची भीड उरली नसावी, असे आम्हांस वाटते.

तिसरे उदाहरण आमच्या मनाला अधिक लागते. वेंगुर्ले तालुक्यात 1930 साली जन्मलेले चिं. त्र्यं. खानोलकर कुडाळला खानावळ चालवीत. भाताच्या हंड्या आणि उधारीच्या वह्या ह्यांच्या गर्दीत त्यांनी कविता लिहिल्या. 1954 साली 'सत्यकथे'त आरती प्रभू ह्या नावाने त्यांची कविता आली, आणि जाणकार चकित झाले. पण कवितेने खानावळीचे देणे फिटत नाही. 1959 साली ते मुंबईस आकाशवाणीत नोकरीला गेले. ती नोकरी दोन वर्षांतच संपली. मग कादंबऱ्या, नाटके, कविता ह्यांचा ओघ सुरू झाला, आणि 1976 साली, सेहेचाळिसाव्या वर्षी, तो थांबला. साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला तो मृत्यूनंतर, 1978 साली. त्यांच्या 'कोंडुरा' कादंबरीवरचा श्याम बेनेगलांचा चित्रपटही लोकांनी पाहिला तो ते गेल्यावर. कीर्ती आली, पण पोरक्या घरी आली.

श्रोतेहो, ह्या सर्व कथांत एक गोष्ट सारखी आहे. ह्यांतला प्रत्येक जण एकटा होता. आता एका वर्षाकडे लक्ष वेधतो. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. मागण्यांच्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. लोखंडे हे 'दीनबंधू'चे संपादकही होते. त्याच 1884 साली लंडनमध्ये वॉल्टर बेझंट ह्यांच्या पुढाकाराने लेखकांनी आपली संस्था उभारली; प्रकाशकाशी करार कसा करावा, हिशेब कसा मागावा, हे ती सभासदांस शिकवू लागली. परळचा गिरणी कामगार आणि लंडनचा लेखक एकाच वर्षी एकाच निष्कर्षाला आले. सहा वर्षांनी, 1890 साली, गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. एकट्याने मागितली असती तर बडतर्फी मिळाली असती!

आपल्याकडे 1955 साली संसदेने श्रमिक पत्रकारांसाठी कायदा केला. न्यायमूर्ती राजाध्यक्ष ह्यांच्या अध्यक्षतेखालील वृत्तपत्र आयोगाने त्याची भूमी तयार केली होती. पण तो कायदा वृत्तपत्राच्या नोकरीत असलेल्यांचा. बाहेरून लेख धाडणारा, ज्याला आज फ्रीलान्स म्हणतात, तो उंबऱ्याबाहेरच राहिला. त्याच्या हाती उरला तो 1957 चा कॉपीराइट कायदा. हा कायदा त्या मुलाप्रमाणे फार थोड्यांनी वाचलेला आहे. नोकरीत नसलेल्या लेखकाच्या लेखाचा मूळ मालक तो स्वतःच. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर लेखी आणि सहीनिशी. 1994 च्या दुरुस्तीनंतर करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षेच धरली जाते. हे कागदावरचे शब्द आहेत खरे, पण कागदावरच्या शब्दाला लिहिणाऱ्यानेच भाव द्यायचा नाही तर कुणी द्यायचा?

'मानधन' हा शब्दच आम्हांस खटकतो. त्यात मान पुढे आणि धन मागे. पुष्कळदा मान देऊन झाला की धन राहूनच जाते. आमच्या काजूच्या कारखान्यांत बाई पहिल्या दिवशी सोलायला बसते तेव्हा तिचा हात हळू चालतो, गर थोडा निघतो. त्या थोड्या गराची मजुरीही थोडीच होते. पण "तू नवी आहेस, तुझे नाव होते आहे, तेव्हा गर आमचा आणि मजुरी शून्य" असे कुणी म्हणाला तर साऱ्या बाया उठून उभ्या राहतील. लेखाला वेगळा न्याय का?

त्या मुलाला आम्ही अखेर जे सांगितले ते येथेही सांगतो. पहिले, पोटाचा दुसरा आधार असेल तर त्याची लाज धरू नकोस. बाळशास्त्र्यांपासून दळवींपर्यंत सर्वांनी तो धरला. दुसरे, पहिले काम जवळ शोध. भाषांतर, संस्थेचा इतिहास, नभोवाणीची संहिता, आपल्या बंदराची, माशांची, बोलीची माहिती. जे तुला ठाऊक आहे आणि मुंबईच्या कचेरीत बसलेल्याला ठाऊक नाही, त्यालाच किंमत येते. तिसरे, लिहिण्यापूर्वी दर विचार आणि उत्तर लेखी घे. एखाद्या गरीब चळवळीच्या पत्रासाठी फुकट लिहावेसे वाटले तर जरूर लिही, पण ते तुझे दान असू दे, त्यांची वेठ नको. आणि चौथे, तुझ्यासारखी आणखी चार मुले शोध.

मुलाने पत्र लिहिले. आम्ही फक्त शुद्धलेखन पाहिले. सातांपैकी तीन लेखांचे पैसे आले. उरलेल्या चारांसाठी तो आता एकटा जाणार नाही. पुढच्या रविवारी आमच्या कचेरीत पाच जणांची बैठक आहे. बाके कमी पडली तर आम्हांस आनंदच होईल.